आबाजींना शौर्यपदक मिळालं होतं का?

नागपूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

आबाजींची तेरवी झाली अन् दुसऱ्याच दिवशी तू बंगळूरला निघालास. स्टेशनवर जाताना विचारलंस, "आबाजींना शौर्यपदक मिळालं होतं का गं?" ऑटोत तेवढ्यात काय सांगणार? म्हणून लिहायला बसले.

शौर्यपदक नव्हतं. कपाटातल्या डबीत आहेत ती सेवापदकं. 1965 चा समर सेवा स्टार, रक्षा पदक, 1971 चा पश्चिमी स्टार, संग्राम पदक. अशी पदकं त्यांच्यासारख्या असंख्य जवानांना मिळाली. माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या आबाजींनी, ती कधी भिंतीवर लावली नाहीत.

बाबा सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलात, लाइनमन होते. जबलपूरला ट्रेनिंग झालं. पुढच्या तुकडीपासून मागच्या मुख्यालयापर्यंत टेलिफोनची तार अंथरायची, अन् तुटली की शोधून जोडायची, हे त्यांचं काम. 1965 च्या सप्टेंबरात ते खेमकरणकडे होते. असल उत्तरच्या लढाईत आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं अन् पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले, हे तू वाचलं असशील. बाबांना त्याच चिखलातून, उभ्या उसातून तार न्यायची होती. कधी गोळ्यानं तुटायची, कधी रणगाड्याखाली. रात्री उजेड करायची सोय नाही. तार हातात धरून चाचपडत चालायचं. टोक लागलं की थांबून दुसरं शोधायचं, अन् ते कधीकधी पार लांब ओढत गेलेलं असायचं. मग दोन्ही टोकांची आधी गाठ मारायची, म्हणजे ताण गाठीवर येतो. त्यानंतर वरचं आवरण सोलून तारा एकमेकींवर गुंडाळायच्या, टेप लावायची, फोन जोडून घंटी द्यायची. "पलीकडून हॅलो आलं की बस्स," एवढंच म्हणायचे. लढाईबद्दल त्यांच्या तोंडून मी याहून जास्त फारसं ऐकलं नाही.

तीच गाठ त्यांनी तुला कूलरच्या वायरवर शिकवली. एप्रिल लागला की बाबा कूलर काढायचे, गंज खरवडायचे, जुनं खस फेकून नवं भरायचे. पंपाची वायर मात्र दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, पाण्याजवळ वीज आहे म्हणून. मोहल्ल्यातल्या दोन-चार घरांचे कूलरही त्यांच्याच हातून निघायचे.

माझ्या लहानपणी बाबा म्हणजे 56 एपीओ, फौजेच्या टपालाचा पत्ता. त्या पत्त्यात गावच नसे. पैसे मनीऑर्डरनं यायचे, अन् खालच्या कुपनवर मजकुराला जागा ती केवढी! मी सातवी झाल्यावर घरात लग्नाची भाषा सुरू झाली होती. तेव्हा त्या कुपनवर आलं, "फी भरावी. मुलीची शाळा बंद करू नये." आजीनं तो कागद सगळ्यांना दाखवला आणि विषय संपला. मी आज जी काही आहे, त्यात त्या दोन ओळींचा वाटा मोठा आहे, बेटा.

फौजेतून आल्यावर पेन्शनमध्ये आम्हा तिघांचं शिक्षण होणं शक्य नव्हतं. बाबांनी सीताबर्डीला एका बँकेत रात्रपाळीची गार्डची नोकरी धरली. मानेवाड्याहून सायकलनं जायचे. सकाळी आले की आधी नळाचं पाणी भरायचे, माझ्या धाकट्या भावाला शाळेत सोडायचे, मग झोपायचे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप कशी लागत असेल, हे मला आत्ता कळतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. कष्टाचं मोजमाप मांडणारा माणूसच नव्हता तो.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायला स्वतः जायचे, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. गेल्या वर्षीही रिक्षाला नाही म्हणाले.

पदकांची डबी तुला हवी असेल तर पुढच्या खेपेला घेऊन जा. आजीच्या फॅमिली पेन्शनचे कागद भरायचे आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुझा मामा जाणार आहे. आणि आजीला फोन करत जा. रात्री आठनंतर कर, तेव्हा तिला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं.

तुझी,
आई