चित्रकथी भिंतीसाठी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला सिंधुदुर्गावरचा लेख वाचला. तारकर्ली, स्कूबा, सुरमईची थाळी, सावंतवाडीची लाकडी फळं, सगळं रीतसर आलंय. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या वाट्याला मात्र एवढंच की, घराच्या भिंतीसाठी इथून चित्रकथीची चित्रं जरूर न्या. ते खटकलं म्हणून हे पत्र.

चित्रकथी मुळात भिंतीसाठी नाहीच. पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या मंडळींकडे एकेका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला ते पोथी म्हणतात. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गात एकेक चित्र लोकांपुढे धरायचं, प्रसंग सरला की पुढचं. जुन्या पोथ्यांत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली दिसतात. असं पान फ्रेममध्ये घातलं की मागचा प्रसंग कायमचा पुठ्ठ्याआड गेला!

परवा इथे बडोद्यात एका हस्तकला प्रदर्शनात एक चित्रकथी टांगली होती. मोठाल्या डोळ्यांचे दोन वीर, बाणांची गर्दी. प्रसंग कुठला, विचारलं तर विक्रेता म्हणाला, "रामायणच असेल, काकी. सोफ्याच्या वर मस्त दिसेल."

चित्रं विकली जातात म्हणून कलाकाराच्या घरात चार पैसे येतात, हे मान्यच. त्याबद्दल तक्रार नाही. पण पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती काही शोभेच्या फ्रेमसाठी नव्हे. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ त्यांनी टिकवले, गुरांच्या गोठ्यात संग्रहालय केलं.

बडोदेकरांना हे जड जाऊ नये. गुजराती आख्यानकवी प्रेमानंद इथलाच. बोटांतल्या अंगठ्यांनी तांब्याच्या घड्यावर ताल धरून आख्यान रंगवणारे माणभट्ट आपल्याकडे आहेत. उद्या कुणी नुसता तो घडा शोकेसमध्ये ठेवून 'हे आख्यान' म्हणालं, तर आपण हसूच ना? प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी चित्रांबरोबर सांगणाऱ्यालाही बोलवावं, त्याचं मानधन वेगळं द्यावं. माणभट्ट आणि चित्रकथी एका संध्याकाळी लागोपाठ ऐकायला मिळाले तर मी तिकीट काढून येईन.

आणि आपण पुढच्या वेळी पिंगुळीवर लिहाल तेव्हा तिथं खेळ कसा बघायला मिळतो, आधी कळवावं लागतं का, तेवढं जरूर छापा.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा