लाइफ कोचच्या जाहिराती छापताना नोंदणी क्रमांक मागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मनाच्या आरोग्यावरचे सदर मी नियमित वाचते. हल्ली त्याच पानावर लाइफ कोचच्या, म्हणजे ध्येये गाठायला फी घेऊन मार्गदर्शन करणाऱ्यांच्या, जाहिराती असतात आणि काहींत तर नैराश्य मुळापासून घालवण्याची हमी! सदर आणि जाहिरात शेजारी शेजारी आली की वाचकाला दोन्ही एकच वाटतात.

कोचिंगला माझा विरोध नाही. नोकरी बदलायची आहे, बढतीनंतर हाताखालची माणसे सांभाळता येत नाहीत, अशा वेळी पुढचा आराखडा आखायला लावणारा आणि ‘ठरवलेले केले का?’ असे विचारणारा माणूस कामाचा. पण आठवडेच्या आठवडे ज्याला झोप नाही, घास उतरत नाही, जगणेच नकोसे झाले आहे, त्याला ध्येये लिहून पहाटे पाचला उठायला सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाने पळायला लावणे. जमले नाही की दोष त्याच्याच ‘माइंडसेट’चा. आधीच स्वतःला बोल लावणारा तो माणूस आणखी खचतो आणि उपचाराचे महिने वाया जातात ते वेगळेच.

मनोविकारतज्ज्ञ हा नोंदणीकृत डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे बोलण्यातून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती कुणालाही तपासता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. समुपदेशकांनाही लागू होणारा आरोग्य व्यावसायिकांचा २०२१चा कायदा आला, पण त्याची अंमलबजावणी रेंगाळली आहे, त्यामुळे तिथेही पदवी आणि अनुभव विचारूनच घ्यावा. कोचसाठी मात्र असा परवानाच नाही. प्रमाणपत्रे देतात त्या खासगी संस्था. त्यांतल्याच इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनने ग्राहकाला थेरपिस्टकडे केव्हा पाठवावे, याची मार्गदर्शिका काढली आहे. आपल्याकडचे किती कोच ती वाचतात, देव जाणे.

आजार बरा करण्याचा दावा असलेली जाहिरात नोंदणी क्रमांकाशिवाय आपण स्वीकारू नये, ही विनंती. आणि त्या सदराखाली दर आठवड्याला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक छापावा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली