पिशवी लावण्याआधी

महोदय,

गेल्या महिन्यात इथल्या एका खासगी रुग्णालयात आईला रक्त चढवले. पिशवी आली तशी सिस्टरने आईलाच विचारले, "माताजी, अपना पूरा नाम बताइए." मी मध्येच सांगू लागलो, तर हातानेच मला गप्प केले. मग दुसऱ्या सिस्टरला बोलावून मनगटावरची पट्टी, पिशवीचा नंबर, रक्तगट, मुदत सगळे मोठ्याने वाचून ताडून पाहिले. पहिली 15 मिनिटे थेंब संथ ठेवून ती खाटेजवळून हलली नाही. थंडी वाजते का, कंबर दुखते का, हे विचारणे चालूच. चुकीच्या गटाचे रक्त गेले तर त्याची लक्षणे बहुधा सुरुवातीलाच दिसतात, आणि गफलत पुष्कळदा खाटेशीच होते, नावांच्या घोळातून.

रात्री मात्र अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर होती. ताडून पाहायला दुसरी आणायची कुठून? रक्तदान शिबिरांचे फोटो आपण हौसेने छापून आणतो (आमचे मंडळही त्यात आलेच). पण ते रक्त रुग्णाला नीट चढावे, याकडेही तेवढेच लक्ष हवे. त्यासाठी रक्त चढवण्याचे वेगळे प्रशिक्षण, आणि शंका येताच डॉक्टरांची वाट न पाहता रक्त थांबवण्याचा लेखी अधिकार प्रत्येक परिचारिकेला मिळायला हवा.

– एक वाचक, रामबाग, इंदूर