हे पत्र तू एकटीनं वाच

म्युनिक, १४ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, झोपते. तू दिलेल्या कांदा-लसूण चटणीची अर्धी बरणी अजून शिल्लक आहे. पाऊस कसा आहे तिकडं? मी इथून रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. परवा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली म्हटल्यावर दादाला फोन केला, तर म्हणाला, "धोक्याच्या ४३ ला अजून वेळ हाय, तू झोप." पण २०१९ च्या महापुरासारखं होईल असं वाटलं तर सामान माळ्यावर टाकत बसू नका, सरळ मावशीकडं जा.

फोनवर हे बोलता येत नाही. आपल्याकडं फोन स्पीकरवर असतो आणि भोवती सगळी बसलेली. त्या रविवारी मी बागेतून चालत बोलत होते, मागं गवतावर उघडी माणसं दिसली आणि तू फोन ठेवलास. वहिनी म्हणाली, तू नंतर नीट जेवलीही नाहीस. म्हणून सुट्टीवर निघालेल्या सांगलीच्या पोरीच्या हाती हे पत्र देतेय. पप्पांना सांगायचं का ते तू ठरव.

ती बाग म्हणजे इंग्लिश गार्डन. १७८९ सालापासूनची, गावाच्या मधोमध. तिच्यातलं एक कुरण उघड्या अंगानं ऊन घेणाऱ्यांचं आहे, आणि हे सगळ्या गावाला माहीत आहे. तिथं भलतंसलतं काही चालत नाही गं. रिटायर झालेले मास्तर येतात, आज्ज्या येतात, नवरा-बायको डबा घेऊन येतात. बसताना खाली टॉवेल घालायचा. फोटो काढायचे नाहीत. टक लावून बघायचं नाही. जो बघतो तोच तिथं निर्लज्ज ठरतो. आइस्क्रीम आणायला निघाले तरी आधी कपडे घालतात. याला इथं एफकेके म्हणतात, म्हणजे मोकळ्या अंगाची संस्कृती.

कारण विचारशील तर पहिलं कारण ऊन. डिसेंबरात इथं साडेचारच्या आत सूर्य मावळतो. कित्येक दिवस तो दिसतच नाही. मी ड्यूटीवर जाते अंधारात, येते अंधारात. मग उन्हाळा आला की या लोकांना वाटतं, अंगाचा कणन् कण उन्हात धरावा. पहिल्या वर्षी मला ते कळलं नव्हतं, आता कळतं.

आणि हे आजकालचं फॅडही नाही. माझ्या वॉर्डात रोस्टॉकची एक म्हातारी होती, बाल्टिक समुद्राकाठची. तिचे आईवडील असल्याच एका संघात होते. १९३३ ला नाझी आले आणि त्यांनी बंदी घातली. पुढं पूर्व जर्मनीच्या सरकारनंही किनाऱ्यावर बंदी आणून बघितली, पण लोक ऐकेनात, शेवटी १९५६ ला नियम करून परवानगी द्यावी लागली. ती सांगायची, "वाळूत डॉक्टर कोण आणि झाडूवाला कोण, कळायचं नाही." तिला अंघोळ घालताना मी सवयीनं चादर ओढायला जायचे, तर ती माझा हात बाजूला करायची.

तू म्हणशील, आपल्यात असलं नाही. पण आई, कुंभोजला बाहुबलींची २८ फुटी मूर्ती बघून तू हात जोडतेस. दिगंबर मुनीमहाराज गावात आले की शेजारच्या काकूंबरोबर तूही रस्त्यावर रांगोळी घालतेस. त्यांचं उघडं असणं त्यागातून येतं, इथल्या लोकांचं तसं नाही. दोन्ही एकच असं मी म्हणत नाही. पण उघड्या अंगाकडं चांगल्या नजरेनं बघायला मी तुझ्याकडूनच शिकले.

आता तुला जे विचारायचं होतं आणि विचारता आलं नाही, ते. हो, मीही. पण त्या कुरणावर नाही. मारिया आइनझीडेल नावाचा पोहण्याचा तलाव आहे, इसार नदीचा कालवा त्याच्या आवारातून वाहतो. तिथं एक भाग फक्त बायकांसाठी राखलेला आहे. सोबत माझ्या वॉर्डातली सिस्टर होती. पाणी असं गार की श्वासच अडकला. बाहेर येऊन पालथी पडले. मानेपासून टाचेपर्यंत ऊन, पोटाखाली टोचणारं गवत, आणि वारा कुठून कुठं गेला तेही पाठीला कळत होतं. लहानपणी उसाला पाणी सोडलं की तू मला मोटारीच्या धारेखाली उघडीच बसवायचीस, आठवतं? त्यानंतर माझं अंग कधी असं माझं झालं नव्हतं.

तिथं एक बाई होती, तुझ्याच वयाची. डावी छाती काढलेली. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत आडवा व्रण, जुना, पांढरा पडलेला. पोहून आली, अंग पुसलं, पाय पसरून बसली आणि डब्यातल्या चेरी खात बिया झाकणात टाकत राहिली. एक कॉलेजातली पोरगी तिच्याकडं पाठीला क्रीम लावून मागायला आली, तिनं लावून दिलं. कुणी दोनदा वळून बघितलं नाही. मला मात्र रडू आवरेना.

वहिनीनं सांगितलंय, ऑपरेशननंतर तू न्हाणीत दिवा लावत नाहीस. तिच्यावर रागवू नकोस. तुझं ड्रेसिंग तिनं केलं. मी नर्स असून इथं परक्या बायकांच्या जखमा पुसत होते. याचा विषय तू कधी काढत नाहीस, म्हणून जास्त लागतं. तू कुठं जाऊन उघडी बस असं मी म्हणणार नाही. दिवा तेवढा लाव. व्रणाजवळ, दुसऱ्या बाजूला, काखेत गाठ आहे का ते हातानं बघ, आणि कातडीचा रंग बदललाय का ते डोळ्यांनी बघ. अंधारात कसं दिसेल?

दादाच्या खात्यावर ६० हजार पाठवलेत. त्यातून आधी तुझी मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी, मग सोसायटीचा हप्ता. ट्रॅक्टरच्या टायरचं नंतर बघू, हे त्याला माझं नाव घेऊन सांग. उरलं तर आज्जीला चष्मा.

जयसिंगपूरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. डिसेंबरात येते तेव्हा बघण्याचा कार्यक्रम ठेवा. त्याआधी मुलाला माझा नंबर द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. परत येणार का असं त्याची आई विचारत होती ना? करार संपेपर्यंत इथंच आहे, पुढचं दोघांनी मिळून ठरवू, असं सांगा. आणि तुझ्या आजाराचं लपवू नका. आत्या म्हणते, सांगितलं तर मोडेल. मोडू दे. आईचं आजारपण झाकून मला कुणाच्या घरी जायचं नाही.

पप्पांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आठवण कर. शनिवारी फोन करते. तूच उचल.

तुझी,
मनू