‘नाइट’मधली अक्षरे मुकी नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका पालकांनी लिहिले होते, की इंग्रजी स्पेलिंगला ना शेंडा ना बुडखा, मुलांनी कारण न विचारता ते पाठ करावे. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळांत मी ३१ वर्षे इंग्रजी शिकवले. त्यांची तळमळ मला कळते, पण ‘कारण विचारू नका’ हे पटत नाही. सहावीत असताना ‘नाइफ’च्या स्पेलिंगमधला ‘के’ गाळला म्हणून मी हातावर छडी खाल्ली आहे. म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला, याचे उत्तर मला एम.ए.ला गेल्यावर मिळाले.

तो ‘के’ म्हणत असत. सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज सुरीला साधारण ‘क्नीफ’ म्हणायचा. रात्रीच्या ‘नाइट’मधले ‘जी-एच’ही तोंडात होते; शब्द ‘निख्त’च्या जवळपास ऐकू यायचा. जर्मन लोकांच्या ‘नाख्ट’मध्ये तसा आवाज आजही आहे. इंग्रजांच्या जिभेवरून तो गेला, कागदावर राहिला.

हे शिकवताना मी फळ्यावर ‘नक्त’ लिहायची. श्रावणी सोमवारी आजी नक्त करते, म्हणजे दिवसभर उपास करून रात्री जेवते, हे वर्गातल्या कुणाला तरी ठाऊक असायचेच. संस्कृत ‘नक्त’ आणि इंग्रजी ‘नाइट’ एकाच मुळातून आलेले. आपल्याकडे ‘क’ टिकला, तिकडे त्याचा घासून ‘ह’सारखा ध्वनी झाला आणि त्यासाठीच पुढे ‘जी-एच’ लिहू लागले. ‘डॉटर’मधल्या ‘जी-एच’च्या जागी आपल्या ‘दुहिता’मध्ये ‘ह’ आहे. हे सांगितल्यावर मुले ती अक्षरे सहसा गाळत नसत.

मग लिहिणे आणि बोलणे यांची फारकत का झाली? विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू एका जागी बसत गेले, आणि नेमके त्याच काळात दीर्घ स्वर सरकत होते. हा बदल पंधराव्या शतकापासून सुमारे तीनशे वर्षे चालला. पूर्वी ‘टाइम’ हा ‘टीम’सारखा आणि ‘हाउस’ हा ‘हूस’सारखा उच्चारत. ‘नेम’मधला ‘ए’ हा ‘आ’ होता. म्हणजे तो शब्द आपल्या ‘नाम’च्या किती जवळ होता बघा. उच्चार पुढे गेले, अक्षरे जुन्याच घरात राहिली.

एकच भाषा एका देशातही एकसारखी नव्हती. कॅक्स्टननेच १४९० मध्ये एक प्रसंग लिहून ठेवला आहे. थेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्याला अडकले. त्यांच्यातल्या एकाने एका बाईकडे अंडी मागितली, ‘एग्ज’ म्हणून. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्या कुणी ‘एयरन’ म्हटले तेव्हा तिला कळले. ‘एयरन’ हा तिथला अंड्यांसाठीचा जुना शब्द, तर ‘एग’ उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा. आज ‘एयरन’ कुणाला आठवतही नाही. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. म्हणून गोठ्यातली गाय ‘काउ’ राहिली आणि ताटातले तिचे मांस फ्रेंचवरून ‘बीफ’ झाले.

सगळीच न उच्चारलेली अक्षरे अशी जुन्या ध्वनींची नाहीत, हेही मुलांना सांगायला हवे. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. लॅटिन ‘डेबितुम’शी नाते दिसावे म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला. अशा शब्दावर अडखळणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आपणही ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरें’ असे लिहीत होतो. ते अनुच्चारित अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. इंग्रजीत असा निर्णय करणारी अधिकृत संस्थाच नाही, म्हणून तिथली जुनी अक्षरे हलली नाहीत.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आता शिक्षक प्रशिक्षणात एक तास या इतिहासाला द्यावा आणि पाठ्यपुस्तकात अशा दहा-बारा शब्दांची चौकट छापावी, ही माझी शिक्षण विभागाला विनंती आहे. त्या चौकटीत ‘मंगूज’ जरूर घ्यावा. तो इंग्रजांनी आपल्या मुंगसावरूनच उचलला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा