सूचना: रविवारी आठवणींची पेटी उघडूया

सर्व मैत्रिणींना नमस्कार. यंदा उन्हाळ्यात बऱ्याच जणींचं बाहेरगावी जाणं होत नाहीये. म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता, ऊन कललं की गच्चीवर जमूया. प्रत्येकीने जुन्या प्रवासातली एक वस्तू आणायची. तुळजापूरची कवड्यांची माळ, सुती-रेशमी हिमरू शाल, वेरूळच्या १६ व्या लेण्यापुढे काढलेला फोटो, काहीही चालेल. माझ्याकडे पैठणला गोदाकाठी उचललेला एक गोटा आहे. सासूबाईंसोबतची ती शेवटची सहल, म्हणून तो देव्हाऱ्याजवळच असतो. वस्तू नसेल तर घरातलं रोजचं सुख सांगा: माठातलं वाळ्याचं पाणी, सडा मारल्यावर अंगणातून येणारा वास. पन्हं मी करते. सतरंज्या आणा, आणि थोरल्या काकूंना जिना चढताना हात द्या.