पडद्याआड गेलेली बटणे

मोटारींमधील मोठ्या टचस्क्रीनचे कौतुक करणारा रविवारच्या अंकातील लेख वाचला. नकाशा आणि मागच्या कॅमेऱ्यापुरते ते कौतुक रास्तच आहे. मात्र वायपर किंवा काचेवरची वाफ घालवणारा पंखा यांची बटणेही त्याच पडद्यात ढकलण्याची जी चढाओढ कंपन्यांत लागली आहे, तिच्या मुळाशी चालकाच्या सोयीपेक्षा निर्मितीखर्चातील बचत अधिक दिसते. बटण बोटांच्या सवयीने, रस्त्यावरची नजर न हलवता सापडते. पडद्याकडे मात्र पाहावेच लागते (चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना तर निरखून), आणि ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके उतरलेले असताना हे अंतर थोडे नव्हे. युरोपातील ‘युरो एनकॅप’ या सुरक्षा-मूल्यांकन संस्थेने २०२६च्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांसाठी हाताला लागणारी स्वतंत्र बटणे असण्याला गुणांकनात महत्त्व दिले आहे. ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेल्या आपल्या ‘भारत एनकॅप’नेही मोटारींना सुरक्षिततेचे तारे देताना ही बाब विचारात घ्यावी.

– एक वाचक, चिंचवड